झोपलेल्या वाघाचा हिशेब

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात सफारीत वाघ दिसला, की पाचेक मिनिटांत जिप्सीतून कुणीतरी हमखास कुरकुरतं, "हा तं निस्ता झोपूनच हाये!" पहाटे उठून सुन्ना गेट गाठलेल्या माणसाचा हिरमोड होणारच. नाल्याच्या गारव्यात चारी पाय ताणून पडलेलं धूड, वर-खाली होणारं पोट, माशी बसली तर फक्त कान हलतो. आळशी म्हणावं तर यालाच.

याच जंगलातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बांधली. टी-१ वाघिणीचा हा बछडा, नाव सी-१. जूनमध्ये तो घर सोडून निघाला. नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, मध्येच तेलंगणातलं आदिलाबाद, असं करत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर तुडवून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर निघेपर्यंत त्याची चाल तीन हजारांच्या घरात गेली होती. पुण्याहून दिल्लीला जाऊन परत यावं, एवढी! आणि गंमत म्हणजे, या प्रवासातही तो दिवसा बहुतेक झुडपांत, नाल्यांत पडून असायचा. चालायचा रात्री.

मग हा आळस कसला?

वाघाचा पोटापाण्याचा धंदाच तसा आहे. रानकुत्री टोळीनं सावज पळवून पळवून दमवतात. वाघ एकटा, लांब पल्ल्याची धाव त्याला झेपत नाही. दबा धरायचा, गवताआडून पोट जमिनीला घासत जवळ सरकायचं आणि शेवटच्या वीस-तीस मीटरांत सगळी ताकद ओतायची. तरीही दहा-वीस प्रयत्नांत एखादाच फळतो, असा अभ्यासकांचा अंदाज. चितळासारखं मोठं सावज साधारण आठवड्याला एक. म्हणजे एकदा पोटात गेलेलं मांस पुढचे कित्येक फसलेले डाव पोसणार. अशा प्राण्यानं उगाच चार पावलं टाकणं हीच खरी उधळपट्टी!

त्यात आपलं यवतमाळचं ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. वजनाच्या मानानं मोठ्या जनावराची कातडी कमी पडते, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणून तर वाघ तासन्‌तास पाण्यात बसतो. दुपारी बैल सावलीला बांधणाऱ्या शेतकऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. वाघाला मात्र म्हणतात.

हीच काटकसर वाघाच्या चालीतही दिसते. ओल्या पायवाटेवरचा त्याचा माग कधी नीट बघा. चालत्या वाघाचा मागचा पंजा बहुतेक वेळा पुढच्या पंज्याच्या ठशावरच, नाहीतर त्याच्या अगदी लगत पडतो. पुढच्या पायानं जागा एकदा चाचपली, मागच्याला वेगळी शोधायला नको. काटकी मोडत नाही, आवाज होत नाही. आळशाला दुप्पट काम, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. आळशी माणूस आज टाळलेलं उद्या दोनदा करतो. वाघ एकदाच करतो, पण ते करायच्या वेळी हात आखडत नाही. सी-१ चे तीन हजार किलोमीटर त्या झोपेच्याच शिलकीतून खर्चले गेले.

तो निघाला होता स्वतःचं राज्य आणि जोडीदारीण शोधायला. ज्ञानगंगेत राज्य मिळालं. वाघीण मात्र तिथे एकही नव्हती.