अपस्मार : झटका ओसरल्यानंतर

‘अपस्मार’ या शब्दातच स्मृतीचा लोप दडलेला आहे. चरकसंहितेत या विकारावर स्वतंत्र अध्याय असून त्याचे स्वरूप सांगताना स्मृतिनाशालाच अग्रस्थान दिले आहे. लोकव्यवहारात मात्र फेफरे म्हटले की जमिनीवर कोसळून हातपाय झाडणारा मनुष्यच डोळ्यांसमोर येतो. प्रौढांमध्ये वारंवार आढळणारा एक प्रकार याहून पुष्कळच निःशब्द असतो.

कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो, त्यास शंखखंड किंवा टेम्पोरल लोब म्हणतात. झटक्याचा उगम तेथे असेल, तर पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, नसलेला जळका वास येतो किंवा अनोळखी जागा पूर्वी पाहिलेली भासते. मग एक-दोन मिनिटे नजर स्थिरावते, ओठ चाटले जातात, बोटे शर्टाच्या बटणांशी चाळा करू लागतात. पाहणाऱ्यास वाटते, गृहस्थ विचारात गढले आहेत.

याच खंडाच्या आतील बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा लहानसा अवयव आहे. दिवसभरातील अनुभवांची कायम स्मृतीत नोंद होते ती त्याच्यामार्फत. या विकाराच्या अनेक रुग्णांत तेथील पेशी नष्ट होऊन तो भाग आकसतो व कठीण होतो, असे जर्मन वैद्य विल्हेल्म झोमर यांनी १८८० मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. आज हा व्रण एमआरआयमध्ये दिसतो. व्रणामुळे झटके येतात आणि दीर्घकाळ न आवरलेले झटके व्रणात भर घालू शकतात. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे, तर व्याज मुद्दलात मिळत जाते.

परिणाम मात्र एकाएकी दिसत नाहीत. डाव्या बाजूचा विकार असल्यास बहुधा नावे, शब्द, ऐकलेला मजकूर निसटू लागतो. उजव्या बाजूचा असल्यास चेहरे व वाटा, जरी ही विभागणी प्रत्येकात इतकी काटेकोर नसते. काहींना अर्ध्या तासापूर्वीचे नीट आठवते, पण तेच काही आठवड्यांनी पुसलेले असते, त्यामुळे दवाखान्यातील नेहमीच्या चाचणीत दोष सापडतच नाही. घरची मंडळी यास निष्काळजीपणा समजतात, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. खिन्नता हीदेखील या आजाराची नेहमीची सोबतीण आहे. काही औषधांनीही विचार मंदावतात. तरीही ती स्वतःहून एकदम बंद करणे धोक्याचे, कारण झटक्यांची न थांबणारी मालिका सुरू होऊ शकते.

हिप्पोकॅम्पसचे मोल जगाला कळले ते एका अमेरिकन रुग्णाच्या दुर्दैवामुळे. हेन्री मोलेसन यांचे अनावर झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, परंतु त्यानंतर भेटलेला माणूस त्यांना पुन्हा ओळखता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आरशात पाहून तारा रेखाटण्याचे कसब मोलेसन दिवसेंदिवस सुधारीत गेले, मात्र आपण हे पूर्वी केले आहे याची त्यांना आठवण नसे! २००८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी ते निवर्तले.

आता शस्त्रक्रिया एकाच बाजूस व स्मरणशक्तीची कसून तपासणी करूनच होते. सुमारे दोनतृतीयांश अपस्माररुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात; उरलेल्यांपैकी निवडकांना तिचा लाभ होतो. कॅनडातील ८० रुग्णांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के, तर केवळ औषधांच्या गटातील ८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ही शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहे. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर शब्दस्मृती काहीशी घटू शकते, हे मात्र आधीच समजून घ्यावे.

कायद्यानेही एक पाऊल टाकले आहे. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील विवाहाच्या अटींमधून अपस्मार वगळण्यात आला.

शाखेत कोणास असा झटका आला, तर कांदा वा चप्पल हुंगविण्याची गरज नाही, हात घट्ट धरून ठेवण्याचीही नाही. जवळच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, शांतपणे सोबत थांबावे आणि झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास रुग्णवाहिका बोलवावी. झटका सरल्यावरही पूर्ण भान येण्यास काही मिनिटे लागतात. तोवर त्या ग्राहकाकडून कोणत्याही कागदावर सही घेऊ नये; त्यांचे टोकन थोडे मागे ठेवता येते.