एका वेताचे गणित

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तास संपल्यावर अकरावीचा एक विद्यार्थी वही घेऊन माझ्यापाशी आला. त्याच्या मामांच्या गावी कुणी हौसेने कारवानी कुत्री पाळतात. ती पाहून याच्या मनाने घेतले होते. वहीत लिहिले होते : 'एक मादी. एका वेतात ६ पिल्ले. एका पिल्लाचे ८,००० रुपये. एकूण ४८,००० रुपये.'

"सर, यात चूक कुठे आहे ते सांगता का? घरी दाखवायचे आहे."

मी म्हणालो, "गुणाकार बरोबर आहे. वजाबाकी कुठे आहे?"

विद्यार्थी मित्रांनो, ती वजाबाकी आम्ही दोघांनी मिळून केली. तुम्हीही वही-पेन्सिल घेऊन बसा.

कारवानी कोण?

लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि निमुळते तोंड असा हा दख्खनच्या पठारावरचा शिकारी कुत्रा. वासापेक्षा नजरेवर भरवसा ठेवून तो सशामागे धावतो. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात, तर कर्नाटकात मुधोळ. मुधोळ हे पूर्वी घोरपडे घराण्याचे संस्थान होते. आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड शिकाऱ्यांजवळची ही कुत्री हेरली आणि त्यांची निगुतीने पैदास केली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी संशोधन केंद्रही आहे.

वजाबाकी

पिल्लू घरी आणल्यापासून पहिले वेत होईपर्यंत साधारण दोन वर्षे जातात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची वीण घेता येत नाही. तिचे खाणे दिवसाला ६० रुपयांचे धरू. ७३० दिवसांचे झाले ४३,८०० रुपये. म्हणजे पहिले पिल्लू जन्मण्याआधीच ४८,००० पैकी बहुतेक रक्कम संपली!

नराच्या मालकाला मोबदला म्हणून बरेचदा एक पिल्लू द्यावे लागते. उरली पाच. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. २२ किलो वजनाच्या मादीला एरवी दिवसाला सुमारे १,१०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ३५० मिळतात. म्हणजे तीन भाकरींहून थोडी जास्त. पण पिल्ले अंगावर पिऊ लागली की हीच गरज तिपटीपर्यंत जाते, आणि ती नुसत्या भाकरीने भागत नाही. दूध, अंडी, मांस हवे. शिवाय जंताचे औषध, लसी, अडली तर शस्त्रक्रिया. पार्व्हो विषाणूची साथ शिरली तर सगळे वेत जाऊ शकते.

पिल्लू का गारठते?

आता थोडे भौतिकशास्त्र. उष्णता शरीरात तयार होते ती वस्तुमानाच्या हिशेबाने, आणि बाहेर जाते ती पृष्ठभागातून. आई २२ किलोची आणि पिल्लू ४०० ग्रॅमचे धरा. वजनाचे गुणोत्तर ५५. आकार सारखाच मानला तर लांबीचे गुणोत्तर ५५ चे घनमूळ, म्हणजे सुमारे ३.८. म्हणून दर ग्रॅममागे पिल्लाचा पृष्ठभाग आईच्या ३.८ पट! त्यात पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही. कुडकुडणे म्हणजे स्नायू हलवून ऊब निर्माण करणे. तेव्हा आसपास ३० अंश सेल्सिअसची ऊब हवी. आपल्या निफाडला थंडीत पारा ५ अंशांजवळ उतरतो, हे ध्यानात घ्या.

६० वॅटचा तारेचा दिवा तीन आठवडे अखंड जाळला तर ०.०६ × २४ × २१, म्हणजे सुमारे ३० युनिट वीज लागते. (एलईडीचा दिवा येथे कामाचा नाही. तो उजेड तेवढाच देतो, ऊब मात्र फारच कमी.) ही वीज परवडते. पण आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. रोज चार तास धरले तर ५६ दिवसांत २२४ तास झाले. त्यांची मजुरी कोण देणार?

विद्यार्थी गप्प झाला. मग त्याने खरा प्रश्न विचारला : "सर, मग लोक हे करतात तरी कशाला?"

वीस अधिक एक म्हणजे चार

कुणी पैशासाठी करतो. तो खर्च कापतो. मादीला दर माजाला फळवतो, लस चुकवतो. कुणी प्रदर्शनातल्या चषकासाठी करतो. त्याला पहिला आलेलाच नर हवा असतो. येथे एक अवघड गोष्ट घडते. समजा, परिसरात २० माद्या आहेत आणि सगळ्यांना एकच नामांकित नर. प्रत्येक पिल्लाची निम्मी जनुके त्याच बापाकडून आली. म्हणजे पुढच्या पिढीतली सगळी पिल्ले सावत्र भावंडे तरी आहेतच. आता आपापसांत वीण होणार!

आनुवंशशास्त्रात यासाठी एक सूत्र आहे. नर व माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला ४ ने गुणा आणि दोघांच्या बेरजेने भागा. ४ × १ × २० भागिले २१, उत्तर ३.८. दिसायला कुत्री २१, पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात चारसुद्धा नाहीत! नर पाच घेतले तर तेच उत्तर १६ येते. विविधता घटली की एरवी दडून राहणारे दोष उघडे पडतात. डाल्मेशियन जातीत लघवीतील युरिक आम्लाचा दोष असाच साऱ्या जातीत पसरला. तो घालवण्यासाठी १९७३ साली अमेरिकेत पॉइंटर जातीशी संकर करावा लागला.

तिसरा असतो खरा हौशी. तो आपल्या मादीसाठी दोन तालुके पलीकडचा, नात्यात नसलेला नर शोधतो. तो चषकवाला नसला तरी चालतो. निरोगी असला म्हणजे झाले. त्याचा एसटीचा खर्च, जागलेल्या रात्री, न विकलेले दुबळे पिल्लू, यांतले काहीच नफ्यात दिसत नाही. पण जात टिकते ती नेमक्या याच खर्चावर.

आमच्या विद्यार्थ्याने वहीतल्या ४८,००० वर काट मारली. मादी घ्यायचा बेत मात्र सोडला नाही. त्याखाली त्याने लिहिले : 'एकच पाळायची. वेत घ्यायचे की नाही, ते दोन वर्षांनी.'

तुम्ही एक करून पाहा. तुमच्या गावातल्या खिल्लार बैलांचे, उस्मानाबादी शेळ्यांचे किंवा कुत्र्यांचे नर किती आणि माद्या किती ते मोजा, आणि वरच्या सूत्रात घाला. येणारे उत्तर आपल्या शिक्षकांना जरूर दाखवा.