बुजगावण्यात नेमकं कोण बुजतं?

शेतातलं बुजगावणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण या शब्दात ‘बुजणं’ लपलंय, हे कधी लक्षात आलंय का?

भीतीने मागे सरण्यासाठी मराठीत बरेच शब्द आहेत. अचानक आवाज झाला की आपण दचकतो. नवख्या कामाला हात घालताना बिचकतो. कष्टाला किंवा जबाबदारीला कचरतो. बुजतं ते मुख्यतः जनावर. हॉर्न वाजला की बैल बुजतो, म्हणजे बिथरून बाजूला होतो. म्हणूनच चारचौघांत मागे राहणारा माणूस ‘बुजरा’. (‘विहीर बुजली’ यातलं बुजणं वेगळं, तिथे अर्थ भरून जाणं.)

इंग्रजीत याच अर्थाचा एक जुना शब्द आहे, ‘ब्लेंच’. त्याचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ होता फसवणं. पुढे तो बदलत ‘कचरून मागे सरणं’ असा झाला. शेक्सपियरचा हॅम्लेट काकाचा गुन्हा ओळखायला हीच खूण ठरवतो: नाटक पाहताना काका जरा जरी बिचकला, तरी संशय खरा.

फसवणं आणि बुजणं, या दोन्ही गोष्टी बुजगावण्यात एकत्र येतात. काठीला सदरा चढवून माणूस उभा असल्याचा भास निर्माण करायचा, म्हणजे जनावर बुजेल.

चंद्रपूर, गडचिरोलीत जंगलाला लागून असलेल्या शेतांत मात्र ही फसवणूक फार दिवस टिकत नाही. हा माणूस हलत नाही, ओरडत नाही, हे रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या लवकरच लक्षात येतं. मग धान वाचवायला शेतकऱ्याला स्वतः रात्रीच्या जागलीला जावं लागतं, आणि वाघाच्या फिरण्याची वेळही तीच. काही जण कुंपणात वीज सोडतात. तो गुन्हा आहेच, शिवाय त्यात वाघही मेलेत आणि माणसंही.

वाघ समोर आलाच तर दचकणं आपल्या हातात नसतं. पुढचं थोडंफार असतं. पळू नका, कारण पळणाऱ्याचा पाठलाग होतो. खाली वाकू किंवा बसू नका, कारण वाकलेला माणूस चार पायांच्या सावजासारखा दिसतो. ताठ उभं राहा, तोंड वाघाकडेच ठेवा आणि हळूहळू मागे सरका. जागलीला एकट्याने जाऊ नका, जाताना बोलत जा, सोबत बॅटरी ठेवा. कारण वाघही बहुतेक वेळा माणसाला टाळतो. फक्त समोर माणूस आहे, हे त्याला वेळेत कळायला हवं.