घरातील हवा व तिची नैसर्गिक शुद्धी

घरातील हवा : राहत्या घराच्या बंदिस्त जागेतील हवेत बाहेरच्या हवेचे सर्व घटक तर असतातच, शिवाय स्वयंपाकाचा धूर, माणसांचा उच्छ्वास, अंथरुणांतील धूळ, ओलीवर वाढणाऱ्या बुरशीची बीजुके आणि रंग, प्लायवुड इत्यादींतून निघणारी बाष्पे यांची तीत सतत भर पडत असते. ही भर मुळाशीच थांबविणे व जी थांबविता येत नाही ती बाहेर घालविणे, म्हणजे घरातील हवेची शुद्धी होय. वारा, उष्णतेने होणारे हवेचे अभिसरण, सूर्यप्रकाश, भिंती-जमिनींचे साहित्य व स्वच्छता यांच्या द्वारा यंत्राशिवाय ती साधली, तर तिला नैसर्गिक म्हणतात. कुंडीतील झाडे, ऊद-धूप, कोळसा यांनाही लोकव्यवहारात नैसर्गिक उपाय मानले जाते. परंतु त्यांपैकी काही जवळजवळ निरुपयोगी, तर काही उघडउघड अपायकारक आहेत.

कोंदट खोलीत होणारा त्रास ऑक्सिजनाच्या कमतरतेमुळे होतो, ही समजूत आजही प्रचलित आहे. प्रत्यक्षात साध्या घरात ऑक्सिजन फारसा कमी होत नाही. म्यूनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये असे दाखविले की, उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड हा स्वतः फार घातक नसला, तरी खोलीतील हवा कितपत शिळी झाली आहे याचा तो चांगला निदर्शक आहे. त्याचे प्रमाण ०·१ टक्क्याच्या वर जाऊ नये, ही त्यांनी घालून दिलेली मर्यादा अद्यापि प्रमाण मानली जाते. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णपरिचर्येवरील आपल्या पुस्तकात आतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राखणे, पण रुग्णाला गारठा लागू न देणे, हे परिचर्येचे पहिले कर्तव्य म्हणून सांगितले. एका साध्या हिशेबावरून या मर्यादेचे महत्त्व ध्यानात येईल. जागा असलेला, स्वस्थ बसलेला माणूस ताशी सु. २० लि. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. ३० घमी. आकारमानाच्या, म्हणजे मध्यम खोलीत दोन माणसे बसली आणि हवा मुळीच बदलली नाही, तर अर्ध्या तासाच्या आतच पेटेनकोफर यांची मर्यादा ओलांडली जाते.

चुलीचा धूर : भारतीय घरांपुरते पाहता सर्वांत मोठा दोष उच्छ्वासाचा नसून चुलीचा आहे. लाकूड, काटक्या, तुराट्या व गोवऱ्या चुलीत अपुऱ्या जळतात. त्यामुळे २·५ मायक्रोमीटरपेक्षा लहान व्यासाचे कण, कार्बन मोनॉक्साइड आणि अनेक कार्बनी संयुगे निर्माण होतात. हे कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत केलेल्या व १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील हवेत धुराचे कण दर घमी. स सु. ७ मिग्रॅ. आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांसाठी सुचविलेली चोवीस तासांची सरासरी मर्यादा ०·०१५ मिग्रॅ. आहे. मोजलेले कण व कालावधी दोहोंत भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे; पण अंतर केवढे आहे याची तीवरून कल्पना येते. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती धुरामुळे जगात सु. ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील २,३७,००० हून अधिक बालके होती. आईच्या कडेवर किंवा चुलीशेजारच्या झोळीत असणारे मूल आईइतकाच धूर घेते.

भारत शासनाने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात धुराडे असलेल्या चुली मोठ्या प्रमाणावर बसविल्या गेल्या. परंतु चुली तडकत, धुराडी काजळीने तुंबत व दुरुस्तीस कोणी येत नसे. हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी गरीब घरांत पोहोचविली, तरी पुन्हा सिलिंडर भरण्याचा खर्च न पेलल्याने अनेक घरांत चूल व गॅस दोन्ही चालू राहिले. जेथे चूल सोडता येत नाही, तेथे सरपण पूर्ण वाळवून व बारीक फोडून वापरणे, चूल पडवीत किंवा उघड्या छपरीत नेणे आणि डोक्याच्या वर, छताजवळ, धूर जाण्यास वाट ठेवणे, हे उपाय उपयोगी पडतात. मात्र ते गॅसची बरोबरी करू शकत नाहीत. गॅसही पूर्णतः निर्दोष नाही. त्याच्या ज्योतीतून नायट्रोजन डाय-ऑक्साइड निघतो आणि फोडणी-तळणाचा धूर इंधनावर अवलंबून नसतो.

कार्बन मोनॉक्साइडाचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. तो रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा सु. २०० पट अधिक दृढतेने संयोग पावतो. थंडीत दार-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे, तसेच झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणे, यांमुळे दर हिवाळ्यात मृत्यू घडतात. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजणे येथे प्राणघातक ठरते.

नैसर्गिक वायुवीजन : हवा दोन कारणांनी आपोआप खेळते. वाऱ्याच्या समोरील भिंतीवर दाब वाढतो, तर पाठीमागील भिंतीवर तो कमी होतो. दोन्ही भिंतींना उघडझाप असेल, तर हवा आरपार वाहते. वारा नसतानाही आतील उबदार हवा हलकी होऊन वर चढते, वरच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि खालच्या दारातून थंड हवा आत येते. हा दुसरा परिणाम दुबळा असतो. खालच्या व वरच्या वाटांत ३ मी. अंतर व तापमानात १०° से. फरक असताना मिळणारा दाब अवघा सु. १ पास्कल असतो. परंतु तो अखंड चालू राहतो व त्याला खर्च नाही. म्हणून एकाच भिंतीतील मोठ्या खिडकीपेक्षा समोरासमोरच्या दोन लहान खिडक्या अधिक कामाच्या असतात. एकच खिडकी असेल, तर समोरचे दार उघडे ठेवल्याने तोच हेतू बराचसा साधतो. पूर्णपणे मिसळलेल्या हवेत दूषिताचे प्रमाण घातांकी नियमाने घटते : तासाला एकदा हवा बदलली तर तासाभराने ३७ टक्के दूषित उरते, तासाला सहा वेळा बदलली तर अर्ध्या तासातच ते ५ टक्क्यांवर येते. राष्ट्रीय इमारत संहितेत उघडझापांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या मानाने उष्ण-कोरड्या प्रदेशात किमान एकदशांश व उष्ण-दमट प्रदेशात एकषष्ठांश असावे, असे सांगितले आहे.

जुन्या घरबांधणीत हे तत्त्व अनुभवाने उतरले होते. देशावरील वाड्याचा चौक हा उजेडासाठी होता तितकाच हवा वर जाण्यासाठीही होता. कोकणातील कौलारू छपरात कौलांच्या फटींतून धूर व वाफ सतत निघून जाई. तथापि जुने ते सर्व आरोग्यदायी होते असे नाही. माजघर व बाळंतिणीची खोली बहुधा अंधारी व बिनखिडकीची असे आणि तेथे धुरी देत. वाड्याच्या गुणगानात ही खोली सहसा विसरली जाते.

शहरात हा प्रश्न एका घराचा न राहता वस्तीचा होतो, कारण खिडकीसमोर मोकळी जागाच नसेल, तर खिडकीचा उपयोग होत नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आल्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. समुद्राचे वारे दाट वस्तीत शिरावेत म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी प्रकाशकोनाचा नियम पुढे मांडला. समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेल्या रेषेने क्षितिजाशी ६३½ अंशांहून मोठा कोन करू नये, म्हणजेच समोरची मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी असावी, असा त्याचा अर्थ आहे. शंभर वर्षांनंतर या शहरात झालेले बांधकाम पाहता हा नियम अधिक कडक होण्याऐवजी सैल झाला, हे खेदाने नमूद करावे लागते. मुंबईच्या एम-पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींच्या, २०१८ च्या सुमारास झालेल्या पाहणीत, ज्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना अगदी लागून आहेत, तेथे क्षयरोगाचे प्रमाण तिसरीपेक्षा पुष्कळ अधिक दिसले. उजेड व वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर ते विशेष होते. क्षयाचे जंतू खोकल्यातील सूक्ष्म तुषारांतून हवेत तरंगत राहतात आणि हवा बदलली नाही, तर तेथेच साचतात. अशा घरात राहणाऱ्याला खिडकी उघडण्याचा सल्ला देणे निरर्थक आहे. तो सल्ला नकाशा मंजूर करणाऱ्याला द्यावयास हवा.

बाहेरची हवाच दूषित असेल, तर खिडकी केव्हा उघडावी हे ठरवावे लागते. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतचा हवेचा थर थंड होऊन खाली बसतो व त्यात वाहनांचा आणि शेकोट्यांचा धूर कोंडतो. सकाळी ऊन चढल्यावर तो फुटतो. त्यामुळे अशा दिवसांत पहाटेऐवजी दुपारी खिडक्या उघडणे, रस्त्याकडील बंद ठेवून मागील बाजूच्या उघडणे श्रेयस्कर असते. स्वयंपाक चालू असताना मात्र कोणत्याही ऋतूत खिडकी बंद ठेवू नये.

ओल : सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के असणे चांगले. त्याहून अधिक दमटपणात बुरशी आणि अंथरुणांतील माइट हे सूक्ष्म प्राणी वाढतात. दोन्ही दम्याला कारण होतात. कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने खिडकी उघडून भिंत वाळत नाही. तेथे गळती व जमिनीतून चढणारी ओल थांबविणे, कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे, कपडे घरात न वाळविणे, हेच उपाय उरतात. चुन्याची सफेदी अल्कधर्मी असल्याने तिच्यावर बुरशी सहज धरत नाही. मातीचा व चुन्याचा गिलावा दमट हवेतील बाष्प काही अंशी शोषून कोरड्या वेळी परत देतो. त्यावर तैलरंग दिला की हा गुण जातो. पाऊस उघडताच गाद्या-गोधड्यांना ऊन देण्याची रीत शास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे. उन्हाने त्या कोरड्या होतात आणि माइटना आवश्यक असलेली ओल नाहीशी होते. केरसुणीने बारीक धूळ उडून पुन्हा हवेत मिसळते. ओल्या फडक्याने पुसणे त्याहून चांगले.

झाडे, कोळसा व धुरी : कुंडीतील झाडे हवा शुद्ध करतात ही समजूत मुख्यतः अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी बी. सी. वुल्व्हर्टन यांनी केलेल्या प्रयोगांवरून पसरली. त्यांचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत केलेले होते. कमिंग्ज व वेअरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब केला (२०१९). एक झाड तासाला मध्यक मूल्याने केवळ ०·०२३ घमी. हवा शुद्ध करते, असे त्यातून निघाले. वर घेतलेल्या ३० घमी. च्या खोलीत तासातून एकदा हवा बदलण्याइतका परिणाम साधण्यास या मानाने सु. १,३०० कुंड्या लागतील. तुळस ओझोन बाहेर टाकते, या समजुतीलाही आधार नाही. झाडे रात्री कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात म्हणून ती निजायच्या खोलीत ठेवू नयेत, ही भीतीही तितकीच फोल आहे. ते प्रमाण माणसाच्या उच्छ्वासापुढे नगण्य असते. झाडे शोभेसाठी अवश्य ठेवावीत. कुंडीत पाणी साचून बुरशी धरू नये एवढे पाहिले म्हणजे पुरे. उघड्यावर ठेवलेला साधा कोळसा वास थोडाफार शोषतो. धूलिकण व कार्बन मोनॉक्साइड यांवर त्याचा उपयोग नाही.

ऊद, धूप, उदबत्ती, कापूर, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी यांचा सुगंध किंवा धार्मिक अर्थ काहीही असो, हवेच्या दृष्टीने तो धूरच होय. डास पळविण्याच्या कॉइलबाबत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलपासून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले. वनस्पतिजन्य भुश्शापासून बनविलेली म्हणून ती निरुपद्रवी मानणे चूक आहे. मच्छरदाणी व खिडक्यांना जाळी हे तिचे धूरविरहित पर्याय आहेत. जाळीमुळे वारा काहीसा अडतो, म्हणून ती वरचेवर धुवावी लागते. देवघरात उदबत्ती लावावयाचीच असेल, तर ती उघड्या खिडकीपाशी लावावी, आणि घरात तान्हे मूल किंवा दमेकरी असल्यास निरांजनावर भागवावे.