बातमी तपासण्याचा तास

‘बालभारती’ने 2018 साली आणलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रसारमाध्यमांवर एक पाठ आहे. ‘दर्पण’, आकाशवाणी, दूरदर्शन असा प्रवास सांगून झाला की शेवटी थोडासा मजकूर येतो: माध्यमांतून मिळालेली माहिती चिकित्सकपणे समजून घ्यावी. उदाहरण आहे ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचे. हिटलरच्या म्हणून त्याने विकत घेतलेल्या रोजनिशा बनावट निघाल्या. मुले हे ‘कारणे सांगा’साठी पाठ करतात आणि पुढच्या पाठाकडे वळतात. मला मात्र आजच्या मुलांसाठी त्या पुस्तकातला सर्वांत निकडीचा मजकूर हाच वाटतो.

‘स्टर्न’ची पूर्ण हकीकत वर्गात सांगण्यासारखी आहे. साप्ताहिकाने या रोजनिशांसाठी सुमारे 93 लाख मार्क मोजले होते. अक्षर हस्ताक्षरतज्ज्ञांना दाखवले होते आणि त्यांनी ते हिटलरचेच असल्याचा निर्वाळाही दिला होता. पण तुलनेसाठी त्यांच्यासमोर ठेवलेल्या नमुन्यांतले काही कागद मुळात त्याच कोनराड कुयाऊने बनवलेले होते, ज्याने रोजनिशा लिहिल्या. एका बनावट कागदाने दुसऱ्याची साक्ष दिली. एप्रिल 1983 मध्ये गाजावाजा करून प्रकाशन झाले. मग सरकारी अभिलेखागाराने कागद तपासला. त्यात महायुद्धानंतर वापरात आलेले, कागदाला पांढरेपणा देणारे रसायन सापडले आणि दोन आठवड्यांच्या आत सगळे उघडे पडले. एकच मजकूर व्हॉट्सअॅपच्या तीन ग्रुपवर आला की ‘सगळीकडे हेच येतंय’ म्हणून आपण तो खरा मानतो. तिन्ही ठिकाणी तो एकाच उगमातून आलेला असू शकतो, हे लक्षात घेत नाही. चूक तीच.

आपल्याकडे या चुकीची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. त्याच काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून एक मूल उचलून नेतात. तो कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरवताना तेवढाच शेवट कापला गेला. दृश्य कितीही बारकाईने पाहिले तरी हे कळणार नव्हते. त्यासाठी त्यातले एक स्थिर चित्र घेऊन ते आधी कुठे आले होते, याचा शोध घ्यावा लागतो.

इथेच शाळेच्या सवयीला वळण द्यावे लागते. आपण मुलांना सांगतो, नीट वाच, पुन्हा वाच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यवसायाने तथ्य तपासणारे अशा तीन गटांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थ्यांपैकी बरेच जण त्याच पानावर वाचत बसले आणि रुबाबदार नाव, बोधचिन्ह, संदर्भांच्या याद्या यांना फसले. तथ्य तपासणारे जवळजवळ लगेच ते पान सोडून बाहेर पडले. ही संस्था कोणाची, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, हे त्यांनी आधी पाहिले. निकाल त्यांचाच अचूक आणि लवकर आला. ही युक्ती सातवीच्या मुलालाही शिकता येते.

शाळेत असे शिकवणे आपल्या देशात घडले आहे. केरळातल्या कन्नूरमध्ये 2017 साली गोवर-रुबेला लशीबद्दलच्या अफवांनी अनेक पालक बिचकले. पुढच्या वर्षी तिथले जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाचे तास सुरू केले. नंतर राज्याच्या ‘काइट’ या संस्थेने हाच उपक्रम केरळभर नेला. 2024 मध्ये पाचवी आणि सातवीच्या संगणकाच्या पुस्तकांतही खोट्या बातम्या ओळखण्याचा भाग आला. सुरुवात एका जिल्ह्यातून झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातल्या शिक्षकाला सुरुवातीला प्रोजेक्टरही लागणार नाही. शिक्षकांच्या खोलीत येणारे वर्तमानपत्र वर्गात न्यावे. बातमीखाली ‘विशेष प्रतिनिधी’ आहे की वृत्तसंस्थेचे नाव? अग्रलेख आणि बातमी कशी ओळखायची? बातमीसारखी दिसणारी जाहिरात कुठे आहे? अंकाच्या तळाशी, बारीक अक्षरात, बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी असलेल्या संपादकाचे नाव असते. ते मुलांना शोधू द्यावे. छापलेल्या चुकीसाठी कोणाला तरी जाब विचारता येतो, हे त्यातून कळते. व्हॉट्सअॅपवरच्या निनावी मजकुराबाबत तशी सोय नसते. दहावीच्या मुलांसाठी तर उदाहरण घरचेच आहे: परीक्षेची खोटी वेळापत्रके. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर विसंबू नका, असे मंडळाला वारंवार सांगावे लागते.

एक धोका मात्र आहे. नुसती फसवणुकीचीच उदाहरणे दाखवली तर ‘सगळेच खोटे बोलतात’ असे म्हणून मुले मोकळी होतील. असा मुलगा आज कशावरच विश्वास ठेवत नाही आणि उद्या आवडेल त्यावर ठेवतो. म्हणून बातमी कशी घडते, हेही दाखवले पाहिजे. तालुक्याच्या बातमीदाराला वर्गात बोलवावे. कोणाला फोन केला, कोणता कागद पाहिला, कोणती बातमी दुजोरा मिळेना म्हणून सोडून दिली, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्यावे. वर्तमानपत्र स्वतःच्या चुकीची दुरुस्ती छापते तेव्हा ती वाचून दाखवावी. राजकीय दावे वर्गात आणले की पालकांच्या तक्रारी येतात, ही शिक्षकांची भीती खरी आहे. तेव्हा सुरुवात लस, पूर, अपघात, परीक्षा अशा विषयांनी करावी. पद्धत अंगवळणी पडली की मुले ती इतरत्र आपणहून वापरतात.

परीक्षेत विचारले जात नाही ते वर्गात टिकत नाही, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून मंडळाला एक विनंती: इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत मुलांनी आधी न पाहिलेला एखादा फॉरवर्ड द्या आणि तो कसा तपासाल, ते पायऱ्यांसह लिहायला सांगा. दोन-चार गुणांचा प्रश्न पुरे. राज्यभरच्या शाळांत पुढच्याच वर्षी हा तास सुरू होईल.