सर्व प्रकारच्या पाण्यासाठी एक फळी : शर्यतीच्या पॅडलबोर्डची निवड

फळीवर उभे राहून एका वल्ह्याने पाणी कापीत जाण्याची शर्यत हा जलक्रीडेतील तुलनेने नवा प्रकार होय. विसाव्या शतकात हवाई बेटांवरील वायकिकी किनाऱ्यावर लाटांवरील स्वारी शिकविणारे शिक्षक कधी कधी फळीवर उभे राहून वल्हे मारीत. त्यातून विकसित झालेल्या या खेळाला 'स्टँड-अप पॅडलबोर्डिंग' असे नाव मिळाले. २०१२ साली पेरू देशातील लिमा येथे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेने या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच भरविली. २०१९ साली चीनमधील चिंगदाओ येथे आंतरराष्ट्रीय कनू महासंघानेही आपली स्पर्धा घेतली.

खेळाचा प्रसार झाला तशी फळ्यांमध्ये विविधता आली. शांत तलावासाठी अत्यंत अरुंद फळ्या निघाल्या, तर मागून येणाऱ्या सागरी लाटांवर घसरत जाण्यासाठी वेगळ्या घडणीच्या फळ्या तयार झाल्या. परंतु या फळ्या महाग असतात. दोन-तीन फळ्या बाळगणे बहुसंख्य खेळाडूंना आणि लहान क्रीडामंडळांना परवडत नाही. त्यामुळे सर्व प्रकारच्या पाण्यात चालेल अशी एकच फळी कशी निवडावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एकाच शर्यतीत अनेक पाणी

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील राइट्सव्हिल बीच येथील 'कॅरोलायना कप' स्पर्धेचे उदाहरण उपयुक्त आहे. 'ग्रेव्हयार्ड' या नावाने ओळखली जाणारी तिची प्रमुख शर्यत सुमारे २१ किलोमीटरची होती. स्पर्धकाला किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा, खुला समुद्र, भरती-ओहोटीच्या ओढीने खळबळणारी खाडीची मुखे आणि आतील जलमार्गाचे संथ पाणी हे सारे एकाच फेरीत पार करावे लागे. संथ पाण्यात जी फळी सर्वांत वेगवान, तीच खाडीच्या मुखाशी स्वाराला पाण्यात फेकण्याची शक्यता अधिक. म्हणूनच अशा शर्यतीत फळीचा कमाल वेग पाहून भागत नाही. संपूर्ण मार्गावर मिळणारा सरासरी वेग पाहावा लागतो.

लांबी

फळी पुढे जाताना तिच्या टोकाशी लाट निर्माण होते. या लाटेची लांबी फळीच्या लांबीइतकी झाली की पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. नौकाशास्त्रातील ठोकळ नियमानुसार १२ फूट ६ इंच लांबीला ही मर्यादा ताशी सुमारे ८.८ किलोमीटर येते, तर १४ फूट लांबीला सुमारे ९.३ किलोमीटर. अरुंद व हलक्या फळ्या ही मर्यादा काही अंशी ओलांडतात. तरी तुलनेसाठी हा नियम उपयोगी आहे. प्रौढांच्या शर्यतींत १४ फुटी फळी सर्वमान्य झाली, त्यामागील एक कारण हेच होय. हवाईतील मोलोकाई ते ओआहू या सुमारे ५२ किलोमीटरच्या सागरी शर्यतीत याहूनही लांब, सुकाणू बसविलेल्या फळ्या वापरल्या गेल्या आहेत. परंतु त्या सर्वसाधारण शर्यतींसाठी नव्हेत.

रुंदी : निवडीचा गाभा

लांबी बहुधा नियमांनी ठरते. रुंदी मात्र खेळाडूने स्वतः ठरवावयाची असते, आणि चूक बहुधा येथेच होते. तरंगत्या वस्तूची स्थिरता पाण्यालगतच्या तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २३ इंच रुंदीऐवजी २५ इंच रुंदीची फळी घेतली, तर इतर गोष्टी समान असताना हा घटक सुमारे २८ टक्क्यांनी वाढतो. त्यासाठी पाण्याचा विरोध थोडासा अधिक सोसावा लागतो.

हा सौदा सहसा फायद्याचा ठरतो. डगमगत्या फळीवर खेळाडूची निम्मी शक्ती तोल सावरण्यातच खर्च होते. वल्हे पूर्ण ताकदीने पाण्यात बसत नाही. शिवाय पाण्यात पडून पुन्हा उभे राहण्यात जे अंतर गमवावे लागते, ते अरुंद फळीने मिळविलेल्या आघाडीपेक्षा सहज अधिक भरते. मुरलेले स्पर्धक संथ पाण्यात २१ ते २३ इंचांची फळी वापरू शकतात. मिश्र पाण्यासाठी मध्यम वजनाच्या अनुभवी खेळाडूने २४ ते २६ इंच, तर नवख्या किंवा वजनदार खेळाडूने २६ ते २८ इंच रुंदी विचारात घ्यावी.

तळ, टोके आणि पर

बाजूने पाहिले असता फळीच्या तळाला जो बाक दिसतो, तोही महत्त्वाचा आहे. जवळजवळ सरळ तळ संथ पाण्यात वेग देतो. परंतु लाटेवरून उतरताना त्याचे पुढचे टोक पाण्यात घुसते. अधिक बाकदार तळ लाटांत सुरक्षित असला तरी संथ पाण्यात तो पाणी ढकलीत राहतो. सर्वोपयोगी फळीत बाक मध्यम असावा व पुढच्या टोकात लाटेतून वर येण्याइतकी भरीव जाडी असावी. मागचा भाग फार निमुळता नसावा. कारण बोयाला वळसा घालताना खेळाडू मागे सरकून पुढचे टोक उचलतो व फळी फिरवितो. तेव्हा सारा भार मागच्या भागावरच येतो.

अनेक फळ्यांत उभे राहण्याची जागा खोलगट केलेली असते. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येऊन स्थिरता वाढते. मात्र आत आलेले पाणी त्वरित निघून जाण्यासाठी पुरेशी छिद्रे आहेत किंवा नाहीत, हे पाहून घ्यावे. तळाखालील पर फळीला सरळ ठेवतो. जेथे शेवाळ व पाणवनस्पती अधिक, तेथे मागे झुकलेला पर वापरावा. पर बदलता येत असल्याने एकच फळी निरनिराळ्या पाण्यास जुळवून घेता येते.

आकारमान आणि वजन

आर्किमिडीजच्या नियमानुसार ७० किलो वजनाचा खेळाडू, १२ किलोची फळी व ३ किलोचे इतर साहित्य मिळून ८५ किलोंना समुद्राच्या पाण्यात तरंगण्यास सुमारे ८३ लिटर पाणी बाजूस सारावे लागते. शर्यतीच्या १४ फुटी फळ्यांचे आकारमान याच्या तिपटीच्या आसपास असते. हा राखीव भाग लाटांत फळीला वर ठेवतो. मात्र हलक्या खेळाडूने गरजेपेक्षा मोठी फळी घेतल्यास ती पाण्यावर उंच तरंगते, वारा धरते व भरकटते. म्हणून नामवंत विजेत्याची फळी पाहून नव्हे, तर स्वतःचे वजन लक्षात घेऊनच आकारमान ठरवावे.

थर्माकोलसारख्या हलक्या गाभ्यावर कार्बन तंतूंचे आवरण दिलेली फळी हलकी व ताठ असते. पण आपटल्यास तिला तडा जातो. हवा भरावयाची फळी वाहतुकीस सोयीची असली तरी लाटांत ती काहीशी लवते.

चाचणी आणि सुरक्षितता

खरेदीपूर्वी फळी वापरून पाहणे अत्यावश्यक आहे. सकाळच्या निवांत पाण्यात जवळजवळ प्रत्येक फळी चांगली वाटते. खरी परीक्षा आडव्या लाटांत, अर्धा-पाऊण तास वल्हवून अंग थकल्यानंतर होते. त्या अवस्थेत वारंवार तोल जात असेल, तर एक-दोन इंच रुंद फळी घेणे शहाणपणाचे. मार्गातील सर्वांत कठीण टप्प्यात जी फळी आपणास उभे ठेवते, तीच आपली फळी, हा निवडीचा सोपा निकष होय.

हा प्रश्न केवळ हार-जितीचा नाही. मतलई वारा सुटला असता, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असता, थकलेला खेळाडू पाहता पाहता किनाऱ्यापासून दूर जातो. यास्तव जीवरक्षक जाकीट व फळीला बांधणारी दोरी कधीही टाळू नये. वाहत्या नदीत मात्र दोरी घोट्याला न बांधता, झटक्यात सुटेल अशा रीतीने कमरेला बांधावी. अन्यथा ती अडथळ्यात गुंतून प्राणावर बेतू शकते.

मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात मंगळूरजवळील ससिहितलू किनाऱ्यावर या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि हा खेळ कोकणपट्टीच्या जवळ येऊन ठेपला. खाडी, तिचे मुख आणि खुला समुद्र काही अंतरातच एकत्र आणणारी देवबागसारखी ठिकाणे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहेत. तेथे या खेळाकडे वळणाऱ्या तरुणांनी प्रथम स्थिर उभे राहण्यास शिकावे. वेग त्यामागून येतो.