‘झाडपाल्याचंच तर आहे!’

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जवळजवळ रोज ऐकू येणारा हा संवाद. पन्नाशीच्या बाई रक्तदाब तपासायला आलेल्या असतात. डॉक्टर विचारतात, ‘‘आणखी कुठली औषधं चालू आहेत?’’ बाई सांगतात, ‘‘नाही डॉक्टर, फक्त बीपीची गोळी.’’ सोबत आलेली मुलगी मध्येच म्हणते, ‘‘आई, ती रात्रीची पावडर सांग ना.’’ त्यावर बाईंचे उत्तर ठरलेले असते, ‘‘अगं, ते काय औषध आहे का? झाडपाल्याचंच तर आहे. झोप लागत नाही, जीव घाबरतो, म्हणून घेते.’’

या उत्तरात दोन समजुती आहेत. झाडपाल्याने गुण येतो, ही पहिली. झाडपाल्याने अपाय होत नाही, ही दुसरी. पहिली समजूत अनेकदा खरी निघते आणि नेमकी त्यामुळेच दुसरी खोटी ठरते. जी वनस्पती घाबरणारा जीव शांत करते, ती मेंदूच्या रसायनांत काहीतरी बदल घडवत असते. म्हणजेच ती औषध असते. याचा सर्वांत स्पष्ट दाखला आपल्याच मातीत आहे. तो म्हणजे सर्पगंधा.

सर्पगंधा हे सह्याद्रीच्या जंगलातही सापडणारे छोटे झुडूप. त्याचे मूळ सर्पदंशापासून निद्रानाशापर्यंत अनेक विकारांवर वापरले जाई. बिहारकडे त्याला ‘पागल की दवा’ असेच नाव होते. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडसरपणा आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर या मुळाचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून काही अल्कलॉइड वेगळी काढली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले.

तरी जगाचे लक्ष वेधले गेले ते मुंबईमुळे. केईएम रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातील मुख्य द्रव्य शोधले. तेच ‘रेसरपीन’. 1954 मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामांचे अनुभव मांडले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंता व नैराश्याच्या रुग्णांवर प्लेसिबोशी तुलना करून चाचणी घेतली आणि रेसरपीन सरस ठरले. 1957 मध्ये वकील आणि क्लाइन या दोघांनाही मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण याच काळात दुसरी बाजूही समोर येऊ लागली. रक्तदाबासाठी रेसरपीन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. कशातच रस नाही, पहाटे जाग येते, मनात मरणाचे विचार येतात, अशा तक्रारी डॉक्टरांनी नोंदवल्या. काहींचे हातपाय कडक झाले, हालचाली मंदावल्या, कंप सुटला. म्हणजे कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. रेसरपीन आणि नैराश्य यांचा संबंध तेव्हा वाटला तितका सरळ नाही, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. पण ज्याला आधीच नैराश्याचा त्रास आहे त्याला हे औषध देऊ नये, हा नियम तेव्हापासून आजवर कायम आहे.

असे का झाले? आपल्या चेतापेशी एकमेकींशी डोपामीन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलीन अशा रसायनांमार्फत बोलतात. ही रसायने पेशीच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पंपाने पाणी चढवावे, तशी एक यंत्रणा ती रसायने या पिशव्यांत भरत असते. रेसरपीन हा पंपच बंद पाडते. पिशवीबाहेर राहिलेली रसायने पेशीतच नष्ट होतात आणि साठा रिकामा होत जातो. खवळलेले मन शांत होते आणि रक्तदाब उतरतो तो यामुळेच. उत्साह मावळणे आणि हालचाल मंदावणे हेही त्याचेच परिणाम. गुण आणि दोष एकाच नळातून येतात. शिवाय गोळी थांबवली तरी साठा भरून यायला वेळ लागतो, म्हणून परिणाम लगेच ओसरत नाहीत.

या दोषातूनच वैद्यकशास्त्राला एक मोठी देणगी मिळाली. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिले, तेव्हा ससे निपचित पडले. 1957 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की शरीरात ज्यापासून डोपामीन तयार होते ते ‘एल-डोपा’ दिले, की हे ससे पुन्हा हालचाल करू लागतात. हालचालीसाठी मेंदूला डोपामीन लागते, हे यातून उलगडत गेले. 1961 मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांना एल-डोपा देण्यात आले. आजही या आजारावरचे मुख्य औषध तेच आहे. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की हे एल-डोपाही वनस्पतीत असते. रानात अंगाला लागली की खाज सुटते ती आपली खाजकुइली! तिच्या बियांतून एल-डोपा वेगळे काढल्याचे 1937 मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी प्रसिद्ध केले होते. म्हणून कंपवाताच्या रुग्णाने डॉक्टरांना न सांगता कवचबीजाचे चूर्ण सुरू केले, तर तो एकाच औषधाचा दुहेरी डोस घेत असतो. मळमळ, चक्कर, अंगाच्या अनैच्छिक हालचाली वाढल्या, तरी त्याचे कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

आज सर्पगंधेची जागा अश्वगंधेने घेतली आहे. ताण कमी करणारी म्हणून ती पावडर, कॅप्सूल, अगदी चघळायच्या गोळ्यांच्या रूपातही मिळते. तिच्यामागे काहीच पुरावा नाही, असे म्हणता येणार नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 64 तणावग्रस्त व्यक्तींपैकी काहींना मुळाचा अर्क आणि काहींना प्लेसिबो 60 दिवस देण्यात आला. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक, दोन्ही अधिक कमी झाले. ही बाब आशादायक आहे. पण 64 माणसे आणि दोन महिने, एवढ्यावर वर्षानुवर्षे घेण्याची हमी देता येत नाही.

एखाद्यालाच होणारा अपाय अशा छोट्या चाचणीत सहसा दिसत नाही. तो दिसतो औषध लाखो लोक घेऊ लागल्यावर. 2020 मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ते बरे झाले. त्यानंतर भारतातूनही अशा नोंदी आल्या. 2023 मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदीच घातली. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. असा त्रास फार थोड्यांना होतो, हेही खरे. पण ज्याचे डोळे पिवळे झाले आहेत त्याला ‘झाडपाल्याचंच तर आहे’ एवढे सांगून भागत नाही.

बाटल्यांवर आणखी एक शब्द हल्ली सर्रास दिसतो, तो म्हणजे मेंदूचे ‘संरक्षण’. ब्राह्मी, हळद, अश्वगंधा यांतील द्रव्ये काचेच्या बशीतल्या पेशींना किंवा उंदरांच्या मेंदूला वाचवतात, असे दाखवणारे प्रयोग पुष्कळ आहेत. ते संशोधन मोलाचेच आहे. पण बशीतल्या पेशीवर द्रव्य थेट टाकता येते; माणसाला ते गिळावे लागते. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, मग रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचायचे तर लांबच. उंदराच्या प्रयोगापासून माणसाच्या स्मरणशक्तीपर्यंतचा रस्ता मोठा असतो आणि जाहिरात तो एका शब्दात ओलांडून जाते.

मग करायचे काय? झाडपाल्याची औषधे टाकून द्यावीत, असे नाही. त्यांना औषधाचा मान द्यावा, एवढेच. कोणती वनस्पती, किती प्रमाणात, किती दिवस आणि कुणाच्या सल्ल्याने, हे माहीत असावे. गरोदर स्त्रिया, थायरॉइड किंवा यकृताचे रुग्ण आणि झोपेच्या वा मनोविकारांच्या गोळ्या घेणारे यांनी आपल्या मनाने काहीही सुरू करू नये. बीपीच्या गोळीसोबत सर्पगंधा घेतल्यास रक्तदाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काही जाणवले तर पावडर थांबवून तपासणीला जावे आणि जाताना बाटली सोबत न्यावी. छातीत धडधड आणि झोप न लागणे यांच्यामागे वाढलेला थायरॉइड, रक्तक्षय किंवा खरे नैराश्य असू शकते. पावडरीने ते झाकले जाते, बरे होत नाही.

डॉक्टरांचीही यात जबाबदारी आहे. ‘हे कसलं घेता?’ म्हणून ओरडा बसला, की रुग्ण पुढच्या वेळी सांगतच नाही. म्हणून प्रश्नच वेगळ्या पद्धतीने विचारावा लागतो, ‘‘गोळी, काढा, पावडर, कुणी दिलेली पुडी... झोपेसाठी काय काय घेता?’’ असे विचारले, की पन्नाशीच्या त्या बाई पिशवीत हात घालून डबी बाहेर काढतात आणि टेबलावर ठेवतात. तिच्यावर काय लिहिले आहे, हे मग दोघांना मिळून वाचता येते.